उसन्या उजेडाचे पडदे

भर दुपारच्या उन्हात वर्तमानपत्र वाचायला कुणालाच अडचण येत नाही; मोबाइलवर आलेला निरोप वाचायचा तर मात्र हाताचा आडोसा करावा लागतो. यामागचं गणित सोपं आहे. कडक उन्हात पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. त्यातला ८० टक्के प्रकाश परत पाठवणारा पांढरा कागद जवळपास २५,००० निट्स इतका उजळ दिसतो. मोबाइलचा पडदा दिव्याची सगळी ताकद लावूनही काही हजार निट्सच्या घरातच राहतो, आणि त्याची काच वरून पडलेल्या उन्हाचा काही भाग डोळ्यांत परत फेकते, तो वेगळाच. सूर्याशी दिव्याची बरोबरी होत नाही, एवढाच याचा अर्थ. यातून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. दिवा आणखी प्रखर करत जायचं, ही पहिली. पडद्यानेच कागदाचा धर्म घ्यायचा, म्हणजे बाहेरून आलेला प्रकाश वापरून चित्र दाखवायचं, ही दुसरी. गेली काही दशकं बाजार पहिल्या वाटेने धावतो आहे. जी माहिती क्षणाक्षणाला बदलत नाही तिच्यासाठी दुसरी वाटच शहाणपणाची आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ती वाट तयार करण्याचं श्रेय चिप आणि सर्किटपेक्षा दोन पदार्थांच्या जोडीला अधिक जातं: द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, आणि पॉलिमर.

द्रवस्फटिक म्हटलं की आपल्याला टीव्ही आणि संगणकाचा एलसीडी पडदा आठवतो. या पडद्यांचा पाया १९७० च्या सुमारास घातला गेला. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी पीळ दिलेल्या द्रवस्फटिकाची रचना सिद्ध केली; पाठोपाठ इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने नेहमीच्या तापमानाला टिकून राहणारे सायनोबायफिनाइल जातीचे पदार्थ बनवले. त्यानंतर घड्याळं आणि कॅल्क्युलेटर घरोघरी पोहोचले. या रचनेत द्रवस्फटिकाच्या थराच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर लावावा लागतो, कारण द्रवस्फटिक स्वतः प्रकाश अडवत नाही. तो फक्त प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवतो, आणि अडवायचं की सोडायचं हे पोलरायझर ठरवतो. पहिलाच पोलरायझर निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. रंगीत पडद्यात त्यावर लाल, हिरवे, निळे फिल्टर येतात आणि प्रत्येक फिल्टर उरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश शोषतो. शेवटी मागच्या दिव्याचा दहा टक्क्यांहूनही कमी प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. बाकीची वीज पडद्याच्या आतच उष्णता होऊन जाते. शिवाय हा पडदा विसरभोळा आहे. वीज बंद झाली की चित्र गेलं. म्हणून एकच आकडा दिवसभर दाखवायचा असला, तरी तो सेकंदाला अनेकदा नव्याने लिहावा लागतो.

प्रकाश न गिळता परत पाठवणारा द्रवस्फटिक मात्र या सगळ्याच्या आधीपासून माहीत होता. किंबहुना द्रवस्फटिकांचा शोध लागला तोच त्याच्यामुळे. फ्रीडरिश राइनिट्झर हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ १८८८ मध्ये प्रागमध्ये कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा अभ्यास करत होते. कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी निवळला. एका पदार्थाला दोन वितळणबिंदू, ही गोष्ट त्या काळच्या रसायनशास्त्रात बसत नव्हती. त्याहून चमत्कारिक म्हणजे थंड होताना त्यात निळे-जांभळे रंग चमकून जात. राइनिट्झर यांनी हे सारं ओटो लेमन या भौतिकशास्त्रज्ञांना पत्राने कळवलं. लेमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही द्रव आणि स्फटिक यांच्यामधली वेगळी अवस्था असल्याचं दाखवलं. पुढे १९२२ मध्ये जॉर्ज फ्रीडेल यांनी द्रवस्फटिकांचं वर्गीकरण केलं, तेव्हा कोलेस्टेरॉलवरून या जातीला ‘कोलेस्टेरिक’ हे नाव पडलं. आज हे पदार्थ बनवायला कोलेस्टेरॉल लागत नाही. साध्या द्रवस्फटिकात उजवा-डावा भेद असलेला, म्हणजे कायरल, पदार्थ थोडासा मिसळला की काम होतं.

राइनिट्झर यांना दिसलेले रंग कुठल्याही रंगद्रव्याचे नव्हते. ते रेणूंच्या मांडणीतून आले होते. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकात एका पातळीवरचे लांबट रेणू साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, पण वर जावं तशी ती दिशा थोडी थोडी वळत जाते. चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखा हा प्रकार आहे: प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा किंचित वळलेली, आणि ठरावीक उंचीवर एक फेरा पुरा. या एका फेऱ्याची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळली की तेवढाच रंग परत फिरतो. किती तरंगलांबी परतेल, हे फेऱ्याची उंची आणि पदार्थाचा सरासरी अपवर्तनांक यांच्या गुणाकारावरून ठरतं. अपवर्तनांक १.६ धरला, तर ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी सुमारे ३४५ नॅनोमीटर उंचीचा फेरा हवा. चार मायक्रॉनच्या थरात असे दहा-बारा फेरे मावतात, आणि चांगल्या परावर्तनाला तेवढे पुरतात. कायरल पदार्थाचं प्रमाण वाढवलं की पीळ घट्ट होतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. कमी केलं की लालकडे. ना पोलरायझर, ना फिल्टर, ना मागे आरसा. निसर्गानेही ही युक्ती वापरली आहे. काही भुंगेऱ्यांच्या सोनेरी कवचावरून परतणारा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा पुढे जाताना गोल फिरत राहते, हे अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ मध्येच नोंदवलं होतं. त्या कवचातल्या तंतूंची मांडणीही अशीच पीळदार असते.

नुसता रंग परतवून पडदा होत नाही. तो हवा तेव्हा परतवता आणि हवा तेव्हा थांबवता आला पाहिजे. इथे कोलेस्टेरिकचा दुसरा गुण कामी येतो. त्याला दोन स्थिर अवस्था आहेत. पहिलीत सगळ्या पिळांचे अक्ष काचेला लंब उभे असतात. हा थर रंग परतवतो. दुसरीत पिळांचे छोटे छोटे पुंजके वाट्टेल त्या दिशांना कललेले असतात. हा थर प्रकाश किंचित विखरून जवळजवळ सगळा आरपार सोडतो, आणि मागे काळा लेप दिला असेल तर ती जागा काळी दिसते. वीज वापरून एका अवस्थेतून दुसरीत जाता येतं. मोठा विद्युतदाब दिला की पीळ पूर्ण उलगडतो आणि रेणू सरळ उभे राहतात. तो दाब झटकन काढला तर ते पहिल्या, रंग परतवणाऱ्या अवस्थेत परततात. दाब हळूहळू उतरवला, किंवा मधल्या पातळीचा दाब दिला, तर दुसरी अवस्था मिळते. महत्त्वाचं पुढेच आहे: वीज काढून घेतली तरी दोन्ही अवस्था जागच्या जागी राहतात. विजेचा खर्च चित्र बदलण्यापुरता. ते धरून ठेवायला शून्य. टीव्हीच्या पडद्याला जी स्मृती इलेक्ट्रॉनिक्सकडून उसनी घ्यावी लागते, ती इथे पदार्थातच आहे.

आता पॉलिमर. द्रवस्फटिक शेवटी वाहणारा पदार्थ आहे. काचेच्या दोन कडक पट्ट्यांमध्ये तो नीट राहतो. लवचिक प्लॅस्टिकमध्ये भरला आणि ते वाकवलं, तर थराची जाडी बदलते, द्रव सरकतो आणि चित्र विस्कटतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं केंट स्टेट विद्यापीठ हे या संशोधनाचं माहेरघर. ग्लेन ब्राउन यांनी १९६५ मध्ये तिथे द्रवस्फटिकांची संस्था सुरू केली होती. १९८० च्या दशकात तिथे विल्यम डोन यांच्या गटाने, आणि स्वतंत्रपणे जेम्स फर्गसन यांनी, द्रवस्फटिकाचे सूक्ष्म थेंब पॉलिमरमध्ये अडकवण्याच्या पद्धती विकसित केल्या. कार्यालयांतल्या बैठकीच्या खोलीची काच बटण दाबताच दुधाळची पारदर्शक होते, ती याच तंत्राने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डोन, डेंग-के यांग आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरिक द्रवस्फटिकात मोनोमर अगदी थोड्या प्रमाणात विरघळवला आणि त्यावर अतिनील किरण सोडले. मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन द्रवाच्या आत पॉलिमरची विरळ जाळी तयार झाली. तिच्या आधाराने पिळांचे पुंजके हव्या त्या अवस्थेत टिकून राहू लागले. पुढे असंही दिसलं की काचेच्या पृष्ठभागावर योग्य प्रक्रिया केली, तर ही टिकाऊ द्विअवस्था पॉलिमरशिवायही मिळते. मग पॉलिमर अनावश्यक ठरला का? काचेच्या पडद्यापुरता, हो. पण काच सोडून प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर यायचं, तर त्याला पर्याय नाही. तिथे तो तीन कामं एकदम करतो. वरची आणि खालची फिल्म एकमेकींना चिकटवून ठेवतो, त्यांच्यातलं अंतर राखतो, आणि द्रव किती वाहू द्यायचा यावर ताबा ठेवतो. पडदा काचेच्या तुकड्यांऐवजी कापडाच्या ताग्यासारखा सलग गुंडाळ्यांवर बनवता येतो, तो या तीन कामांमुळे.

या पदार्थविज्ञानाचा सगळ्यांत साधा नमुना आज स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. लहान मुलांची ‘एलसीडी पाटी’ म्हणून जी विकली जाते, ती हीच. केंट स्टेटच्या संशोधनातून १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या केंट डिस्प्लेज या कंपनीने २०१० मध्ये ‘बूगी बोर्ड’ नावाने तशी पाटी आणली, आणि नंतर अनेक उत्पादकांच्या स्वस्त पाट्या आपल्याकडेही आल्या. ती जवळून पाहावी. प्लॅस्टिकच्या काळ्या पृष्ठभागावर कुठलीही बोथट काडी टेकवा, नखसुद्धा चालेल. जिथे दाब पडतो तिथे हिरवी रेघ उमटते. काडीत शाई नाही, पाटीत स्पर्श ओळखणारं यंत्र नाही, आणि लिहिताना वीजही खर्च होत नाही. दाबामुळे वरची फिल्म किंचित खाली जाते, मधला द्रवस्फटिक बाजूला वाहतो, आणि त्या वाहण्यानेच पिळांचे अक्ष उभे राहून तेवढा पट्टा रंग परतवू लागतो. जोर दिला तर रेघ जाड आणि उजळ, हलक्या हाताने बारीक. पाटी तिरकी करून पाहिली तर हिरवा रंग निळसर होतो. रंग रचनेतून येतो याची ती रोकडी खूण. पुसण्याचं बटण दाबलं की छोट्या बटण-सेलमधून क्षणभर विद्युतदाब मिळतो, पाटी लखकन चमकते आणि पुन्हा काळी होते. एका सेलवर हजारो वेळा पुसता येतं. रेघ पसरत नाही, शेजारच्या अक्षरात मिसळत नाही, कारण आतला पॉलिमर द्रवाला लांब वाहू देत नाही. तो फार दाट केला तर रेघच उमटणार नाही. फार विरळ केला तर हात टेकला तरी डाग पडेल. ही जोडी किती नेमकी जुळवावी लागते, हे त्या एका रेघेत दिसतं.

या तंत्रावर पहिला आक्षेप रंगांचा घेतला जातो, आणि तो खरा आहे. कोलेस्टेरिकचा पीळ एकाच दिशेचा असतो. उजवा पीळ उजवा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश परतवतो आणि डावा जाऊ देतो. म्हणून एका थराकडून जास्तीत जास्त निम्मा प्रकाश परत मिळतो, तोही ६०-७० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातला. पांढरं दिसायचं तर लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर एकावर एक रचावे लागतात. जपानच्या फुजित्सू कंपनीने २००९ मध्ये ‘फ्लेपिया’ हे रंगीत वाचनयंत्र याच पद्धतीने बाजारात आणलं. सर्व रंगछटांसह एक पान उमटायला त्याला सेकंदामागून सेकंद लागत, आणि किंमतही भरमसाट होती. ते टिकलं नाही. मात्र या अपयशातून नेमकं काय सिद्ध होतं, ते पाहिलं पाहिजे. कोलेस्टेरिक पडदा टीव्हीची किंवा छापील मासिकाची जागा घेऊ शकत नाही, हे सिद्ध होतं. भावफलक, वेळापत्रक, पाटी, मीटर यांना चित्रपट दाखवायचा नसतो. त्यांना एका उजळ रंगाची अक्षरं आणि गडद पार्श्वभूमी पुरते. निम्म्या परावर्तनाची मर्यादाही अभेद्य नाही. उजव्या पिळाचा एक थर आणि डाव्या पिळाचा दुसरा असे एकावर एक ठेवले, की दोन्ही हिस्से परत येतात. खर्च वाढतो, एवढंच.

दुसरा आक्षेप बाजाराच्या इतिहासातून येतो. परावर्तक पडद्यांची शर्यत ई-इंकने जिंकली, मग द्रवस्फटिकाचा आग्रह कशाला? जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीमध्ये विकसित केलेलं हे तंत्र द्रवात तरंगणारे काळे-पांढरे कण वर-खाली करतं; २००७ च्या किंडलमुळे ते जगभर पोहोचलं. पुस्तक वाचायला ते सरस आहे यात शंका नाही, कारण त्याचा पांढरा रंग खरोखर कागदासारखा आहे. पण त्या कणांना विद्युतदाबाचा नेमका उंबरठा नसतो; थोडाही दाब मिळाला की ते हळूहळू सरकू लागतात. म्हणून प्रत्येक ठिपक्यामागे स्वतंत्र ट्रान्झिस्टर बसवावा लागतो आणि पडद्यामागे सूक्ष्म सर्किटचं अख्खं शेत उभं करावं लागतं. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाला असा उंबरठा आहे. ठरावीक दाबाच्या खाली तो हलत नाही. त्यामुळे आडव्या आणि उभ्या वाहक पट्ट्यांची साधी चौकट पुरते. जिथे दोन पट्ट्यांचे दाब मिळून उंबरठा ओलांडतात, तेवढाच ठिपका बदलतो. पाटीसारख्या वस्तूला तर तीही चौकट लागत नाही. दोन सलग वाहक थर बस झाले. मोठ्या आकाराचा, वाकणारा आणि स्वस्त पडदा हवा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. दोन्ही तंत्रांना स्वतःची जागा आहे, आणि त्या दोन जागा एक नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्या हवेचा. कोलेस्टेरिकचा पीळ तापमानाने बदलतो. कपाळाला लावायच्या तापमापक पट्ट्या आणि रंग बदलणाऱ्या अंगठ्या त्याच गुणावर चालतात. मग विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, काळा लेप असलेला आणि उन्हात तापलेला फलक टिकेल का? पडद्यासाठीची मिश्रणं हा प्रश्न धरूनच बनवली जातात. ज्यांचा पीळ तापमानासोबत उलट दिशांना बदलतो असे कायरल पदार्थ एकत्र केले, की बदल एकमेकांना खोडून काढतात. द्रवस्फटिक अवस्थाच संपून साधा द्रव होण्याचं तापमान ८० अंशांच्या वर नेणारी मिश्रणंही बनवता येतात. उघड्यावर बसवायच्या फलकासाठी अतिनील किरण अडवणारा थरही हवा, कारण ज्या किरणांनी पॉलिमरची जाळी जन्माला येते तेच पुढे द्रवस्फटिकाची आणि प्लॅस्टिकची झीज करतात. रात्रीचं काय, असंही विचारलं जातं. जिथे फलक असतो तिथे बहुधा दिवाबत्ती असतेच. नसेल तिथे बाजूने उजेड देणारी पातळ पट्टी लावता येते, आणि ती फक्त अंधारातच जळते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. एलईडी स्वस्त झाले, सौर वीज स्वस्त झाली. थोडी वीज वाचवण्यासाठी एवढा खटाटोप का? हिशेब मांडून पाहू. १० वॉटचा एक पडदा दिवसाला १२ तास चालला, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट लागतात. एका पडद्यापुरता हा आकडा किरकोळ वाटतो. पण बाजार समितीतला भाव दिवसातून एक-दोनदा बदलतो, एसटी स्थानकावरचं वेळापत्रक कित्येक दिवस तसंच राहतं, दुकानातल्या फळीवरची किंमत आठवड्याने बदलते. या सगळ्या ठिकाणी जवळजवळ सगळी वीज न बदललेली माहिती पुन्हा पुन्हा दाखवण्यात जाते. शिवाय विजेचं बिल हा खर्चाचा एक भाग झाला. सतत जळणाऱ्या पडद्याला तार लागते, उष्णता बाहेर काढावी लागते, वीज गेली की बॅटरी लागते आणि दिवा मंदावला की दुरुस्ती लागते. ज्याला चित्र धरून ठेवायला काहीच लागत नाही, तो वीज जाण्याच्या काळातही शेवटचा भाव आणि शेवटची वेळ दाखवत राहतो. जिथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे, तिथे हा गुण चैनीचा राहत नाही, गरजेचा होतो. कचऱ्याचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. स्वस्त पाट्या लवकर मोडल्या तर प्लॅस्टिक आणि बटण-सेल यांचा ढीग वाढेल, आणि मुलाने गिळलेला बटण-सेल जीवघेणा ठरू शकतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद असणं आणि सेल बदलता येणं, या दोन अटी उत्पादकांवर घालायलाच हव्यात. पाटी टिकाऊ असेल तरच तिचा कागदावरचा विजय खरा.

द्रवस्फटिकांचं विज्ञान आपल्याला परकं नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, आणि त्या शोधाने या शास्त्रात एक नवी शाखा सुरू केली. आपल्याकडे ज्ञान आहे, ऊन आहे, आणि हळू बदलणारी पण अचूक असायला हवी अशी सार्वजनिक माहितीही आहे. गरज आहे ती पडद्याकडे पाहण्याची सवय बदलण्याची. एखादं कार्यालय, बाजार समिती किंवा शाळा नवा पडदा विकत घेते, तेव्हा तो किती प्रखर आहे हा प्रश्न पहिला विचारला जातो. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत: यावरची माहिती किती वेळा बदलणार आहे, आणि तो जिथे बसणार आहे तिथे आधीच किती उजेड आहे? ज्या ज्या ठिकाणी पहिल्याचं उत्तर ‘क्वचित’ आणि दुसऱ्याचं ‘भरपूर’ असं येतं, तिथे दिवा जाळणारा पडदा बसवणं ही उधळपट्टी आहे. तिथे जागा आहे ती मिळालेल्या प्रकाशावर काम भागवणाऱ्या आणि एकदा लिहिलेलं धरून ठेवणाऱ्या पडद्याची.